कानात ‘क्यू’ आला की घसा कोरडा पडतो

‘प्रश्न तुमचे’ या सदरात या वेळी जिल्ह्या-तालुक्यांतून टीव्हीसाठी बातम्या देणाऱ्यांची पत्रं घेतली आहेत. लाइव्हची धास्ती हा बहुतेकांचा विषय आहे. उत्तरं वार्ताहर, प्रॉडक्शन आणि तांत्रिक विभागातल्या मंडळींनी मिळून तयार केली आहेत.

प्रश्न : चार वर्षं वर्तमानपत्रात काम करून सहा महिन्यांपूर्वी मी एका वाहिनीसाठी बातम्या देऊ लागलो. बातमी काढण्यात अडचण नाही. पण कानात ‘क्यू’, म्हणजे ‘आता बोला’ असा स्टुडिओचा इशारा, आला की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो आणि पहिलंच वाक्य तुटतं. एकदा ‘नमस्कार’ म्हणून तीन-चार सेकंद नुसता कॅमेऱ्याकडे बघत राहिलो. मिनिटभरानंतर ठीक होतं. आता पावसाळा तोंडावर आलाय, पुराचे लाइव्ह दिवसाला आठ-दहा होतील. लाइव्हच्या आधीच्या दहा मिनिटांत नेमकं काय करू?
— वार्ताहर, गडहिंग्लज

तुमच्या पत्रातलं ‘मिनिटभरानंतर ठीक होतं’ हे वाक्य सगळ्यात कामाचं आहे. भीतीचा जोर तोंड उघडताना सर्वांत जास्त असतो. बोलत राहिलं की मिनिट-दोन मिनिटांत तो उतरायला लागतो. म्हणजे तुम्हाला पक्की बांधून ठेवायची आहेत ती फक्त पहिली वीस सेकंदं.

पहिलं वाक्य तोंडपाठ हवं. दहा-बारा शब्दांचं, त्यात ठिकाण, वेळ आणि घडलेली गोष्ट. समजा, ‘राजाराम बंधाऱ्यावर सकाळी सात वाजता पंचगंगेची पातळी ४१ फूट ३ इंच होती.’ हे उभं राहून, माइक हातात धरून, लाइव्हला लागेल त्याच आवाजात तीनदा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं उपयोगी पडत नाही, कारण तेव्हा जीभ आणि ओठ हललेलेच नसतात. पुढचा मजकूर मात्र पाठ करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ ओघळते. पुढच्यासाठी तीन मुद्दे पुरेत, वाक्यं तिथल्या तिथे जुळतात.

बरेच जण अँकरचं नाव घेऊन ‘निश्चितच’ म्हणतात आणि मग ‘आपण जर पाहिलं तर या ठिकाणी’ सुरू होतं. घाबरलेल्या जिभेला टेकू लागतो हे आम्हाला कळतं. अँकरचं नाव हा टेकू घ्या, त्यात वाईट काही नाही. पण ‘या ठिकाणी’ सोडा. त्याऐवजी ठिकाणाचं नाव घ्या : पंचगंगा घाट, शिरोली, आंबेवाडी, चिखली. पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाचा जीव त्या नावातच अडकलेला असतो, त्याचं घर तिथे असतं.

श्वासाबद्दल. ‘मोठा श्वास घे’ असं सगळे सांगतात आणि घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घ्यायला लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. करायचं ते उलट : नाकाने चार आकडे मोजत सावकाश आत, तोंडाने सहा ते आठ मोजत बाहेर. असे पाच-सहा श्वास, लाइव्हच्या तीन-चार मिनिटं आधी. अँकर प्रश्न विचारत असताना एकदा श्वास पूर्ण सोडा आणि नेहमीसारखा घेऊन सुरुवात करा. छाती गच्च भरून बोलायला गेलं की पहिले शब्द ओरडल्यासारखे निघतात.

हात थरथरतो त्यावर उपाय सोपा आहे. माइक धरलेल्या हाताचं कोपर बरगडीला टेकवा. माइक हनुवटीखाली मूठभर अंतरावर. दुसऱ्या हातात सुटा कागद कधीच नको. सुटा कागद थरथर चौपट करून दाखवतो. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घ्या. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल. पाणी कोमट, दोन घोट. चहावर चहा नको. उपाशीपोटीही उभं राहू नका, केळं खाल्लेलं बरं.

आता त्या पुठ्ठ्याविषयी, कारण पुराच्या लाइव्हमध्ये घोळ होतो तो आकड्यांत. पुठ्ठ्यावर चारच ओळी लिहा. पहिलीत ठिकाण आणि आकडा कधीचा, ती वेळ. दुसरीत आकडे, एककासह. तिसरीत हे कोणी सांगितलं : पाटबंधारे विभाग, जिल्हाधिकारी, तहसीलदार. चौथीत अजून काय कळलेलं नाही. लिहायला बॉलपेन किंवा पक्क्या शाईचा मार्कर. जेल पेनची शाई पहिल्या सरीतच पसरते आणि ४१ चा आकडा निळा डाग होऊन बसतो. पुठ्ठा पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घाला.

कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीला आयर्विन पुलावर इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. घाईत या दोन जोड्यांची अदलाबदल होते, आणि ती झाली की हजारो घरांत चुकीचा निरोप जातो. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने ५५ फुटांच्याही वर पाणी दाखवलंय, त्यामुळे आपल्या भागातल्या लोकांना हे आकडे पाठ आहेत; तुमची चूक त्यांना लगेच कळते. शिवाय पंचगंगेची पातळी फूट-इंचांत, अलमट्टी धरणाची मीटरमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) आणि साठा टीएमसीत (अब्ज घनफूट). ‘धरणातून दहा टीएमसी वेगाने पाणी सोडलं’ असं वाक्य घाबरल्यावर सहज निघतं. एक गोष्ट लक्षात ठेवा : साधारण साडेअकरा हजार क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जातं. क्युसेक हा वेग, टीएमसी हा साठा. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले हे सांगताना दरवाजांचे क्रमांकही लिहून ठेवा, अँकर हमखास विचारतो. मोठा आकडा पुठ्ठ्यावर बोलायचा तसाच अक्षरांत लिहा : ‘एक लाख बत्तीस हजार’. सहा आकडे एका ओळीत पाहिले की डोळा घसरतो.

भीतीचं आणखी एक कारण असतं ताटकळणं. ‘दोन मिनिटांत घेतो’ म्हणतात आणि वीस मिनिटं जातात. तेवढा वेळ शरीर ताणून ठेवलं तर क्यू येईपर्यंत दम संपलेला असतो. म्हणून जोडणी झाली की पीसीआरमधल्या, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातल्या, माणसाला तीन गोष्टी विचारा : माझ्या आधी कोण आहे, किती वेळ द्यायचाय, पहिला प्रश्न काय. ‘माझ्या आधीचा वार्ताहर सुरू झाला की मला सांगा’ असंही सांगा. तोवर माइक खाली, खांदे सैल, कॅमेरामनशी गप्पा. माझ्यावर पूर्ण फ्रेम राहणार आहे की व्हिज्युअल लागणार आहेत, हेही विचारून घ्या. पुष्कळदा लाइव्हचा निम्मा वेळ पडद्यावर पाण्याची दृश्यं असतात आणि तुमचा फक्त आवाज असतो. तेवढं कळलं तरी ओझं उतरतं.

शेवटी दोन संशोधनं सांगतो, कारण ती थेट कामाची आहेत. २००३ मध्ये अमेरिकेत सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आपली घाबरगुंडी समोरच्याला जेवढी दिसते असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा बरीच कमी दिसते. आणि ही गोष्ट आधी सांगितलेले लोक खरोखरच चांगलं बोलले. तुमची ती तीन-चार सेकंदं रेकॉर्डिंगमध्ये बघा, बाहेरून ती तुम्हाला आठवतात तेवढी लांब दिसणार नाहीत. दुसरं, २०१४ मध्ये हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांना आढळलं की बोलायला उभं राहण्याआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणारे चांगलं बोलतात. धडधडणाऱ्या छातीला शांत हो म्हटलेलं पटत नाही. ‘हुरूप आलाय’ म्हटलेलं पटतं.

आणि पाण्यात उभं राहून लाइव्ह करू नका, कोणीही सांगितलं तरी. वेगाने वाहणारं सहा इंच पाणीसुद्धा पाय उचलतं. खालची जमीन खचलेली आहे की गटाराचं झाकण उघडं आहे हे वरून दिसत नाही.

प्रश्न : बोलायला लागले की माझाच आवाज किंचित उशिरा कानात ऐकू येतो आणि मी अडखळते. लोकांना वाटतं मी घाबरले. हा माझा दोष आहे का?
— वार्ताहर, सातारा

अजिबात नाही. स्वतःचा आवाज साधारण एक पंचमांश सेकंद उशिरा कानात आला तर जगातला कसलेला वक्ताही तोतरा बोलतो. मेंदू बोलताना स्वतःचा आवाज ऐकत ताल धरतो. तो ताल मोडला की शब्द लांबतात, अक्षरं दोनदा येतात. यावर सराव करून काही होत नाही, तार दुरुस्त करावी लागते.

तुमच्या कानात जो आवाज सोडतात तो कार्यक्रमाचा पूर्ण आवाज वजा तुमचा आवाज असा असायला हवा. ऑडिओवाले त्याला ‘मिक्स मायनस’ किंवा ‘क्लीन फीड’ म्हणतात. गडबडीत कोणी तुम्हाला पूर्ण कार्यक्रमाचा आवाज देऊन ठेवतं आणि तुमचं बोलणं स्टुडिओत जाऊन परत तुमच्याकडे येतं. म्हणून जोडणीच्या वेळी मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि गप्प राहून ऐका. ‘तीन’ परत आला तर तिथेच सांगा : ‘माझा आवाज मला परत येतोय, मिक्स मायनस द्या.’ लाजायचं नाही. ही मागणी कामाच्या माणसाचीच असते.

लाइव्ह सुरू असतानाच असं झालं तर बोलताना इअरपीस कानातून काढा किंवा आवाज शून्यावर न्या, उत्तर संपवा, पुन्हा लावा. प्रेक्षकांना यात काही वावगं वाटत नाही. जवळ कोणाच्या मोबाइलवर किंवा चहाच्या टपरीतल्या टीव्हीवर तुमचंच चॅनेल सुरू आहे का, तेही पाहा. कॅमेरामन दुसऱ्या कामात असेल तर ते विसरतं आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

इअरपीस कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या कानात घाला, तार मानेमागून कॉलरखाली नेऊन चिकटपट्टीने डकवा. आवाज किती ठेवायचा ते जनरेटर किंवा ढोल सुरू असताना ठरवा. शांततेत ठरवलेला आवाज गर्दीत ऐकू येत नाही.

प्रश्न : अँकरने प्रश्न विचारला की वार्ताहर दोन सेकंद पुतळ्यासारखा उभा राहतो. तो विचार करत असतो की त्याला ऐकू येत नाही?
— एक प्रेक्षक, डोंबिवली

प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. ओबी व्हॅनचा, म्हणजे घटनास्थळावरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीचा, सिग्नल जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतो, त्यात पाव सेकंद जातो. चित्र आणि आवाज आवळून पाठवण्यात आणि उलगडण्यात आणखी वेळ जातो. आता बहुतेक ठिकाणी पाठीवरची बॅग वापरतात. तिच्यात वेगवेगळ्या कंपन्यांची चार-सहा सिम असतात, चित्राचे तुकडे त्यांच्यातून वाटून जातात आणि स्टुडिओत जुळतात. जुळवायला जेवढा वेळ राखून ठेवाल तेवढं चित्र कमी अडकतं. म्हणून सभेच्या गर्दीत, जिथे लाखभर मोबाइल एकाच टॉवरवर असतात, तिथे हा वेळ वाढवतात आणि तुम्हाला ते दोन सेकंद जास्त जाणवतात.

वार्ताहरांनी यातून घ्यायचं ते एवढंच : त्या शांततेत ‘हॅलो, आवाज येतोय का’ म्हणू नका. नजर लेन्सवर, चेहरा ऐकणाऱ्याचा. अँकर मध्ये बोलला तर लगेच थांबा, तो बोलला तेव्हा तुमचं वाक्य तिकडे अजून सुरूच होतं.

प्रश्न : अपघाताच्या ठिकाणी पोहोचून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर लाइव्ह घेतात आणि विचारतात, ‘नेमके किती मृत्यू?’ माहीत नसतं. वर डेस्कवरून सांगतात, ‘अजून तीन मिनिटं खेच.’ याच भीतीने पोटात गोळा येतो.
— तालुका प्रतिनिधी, इगतपुरी

माहीत नाही हे सांगण्यात कमीपणा नाही. पण नुसतं ‘माहिती मिळालेली नाही’ म्हणून थांबलात तर तुम्हीही लटकता आणि अँकरही. तीन तुकड्यांत उत्तर द्या : काय पक्कं आहे आणि कोणी सांगितलं, काय पक्कं नाही, आणि ते कुठून कधी कळेल. ‘मृतांचा आकडा पोलिसांनी अजून दिलेला नाही. बस आणि कंटेनरची धडक झाली आहे, तीन रुग्णवाहिका जखमींना घेऊन ग्रामीण रुग्णालयाकडे गेल्या, हे मी इथे पाहिलंय. आकडा रुग्णालयातूनच कळेल.’ एवढं बोलायला वीस सेकंद लागतात आणि यातला एकही शब्द मागे घ्यावा लागत नाही.

‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हे पांघरूण अपघाताच्या वेळी अजिबात वापरू नका. गर्दीतला कोणी ‘आठ गेले’ म्हणतो, ते तुमच्या तोंडून पडद्यावर जातं आणि खालच्या पट्टीत टिकर होऊन दिवसभर फिरतं. त्या बसमध्ये ज्यांचं माणूस आहे ते लोक तो आकडा मोजत बसलेले असतात. म्हणून या बाबतीत आमचं मत ठाम आहे : डेस्क रागावलं तरी चालेल, आकडा अधिकाऱ्याच्या तोंडून आल्याशिवाय बोलायचा नाही. मृताचं नाव तर घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याशिवाय नाहीच.

आता ‘खेच’. हाताशी नवीन माहिती नसताना वेळ भरायचा झाला की माणूस अंदाज करायला लागतो. चालकाचा डोळा लागला असावा, ब्रेक फेल झाले असावेत. इथे जीभ आवरा. खेचायचं असेल तर कॅमेऱ्याला दिसतं ते सांगा, डावीकडून उजवीकडे. कॅमेरामनला आधीच सांगून ठेवा की मी ज्याचं नाव घेईन तिकडे सावकाश वळायचं. ‘माझ्या डाव्या हाताला क्रेन आली आहे, तिचा पट्टा आत्ता कंटेनरला लावताहेत. मुंबईकडे जाणारी एक मार्गिका बंद आहे. वाहनं जुन्या रस्त्याने वळवली जाताहेत.’ मग लोकांच्या उपयोगाचं : कोणता रस्ता टाळायचा, कुठे फोन करायचा. आणीबाणीचा क्रमांक ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. हे दोन्ही पुठ्ठ्याच्या मागे कायमचे लिहून ठेवा. क्रमांक सावकाश, दोनदा. यात सहज मिनिटभर जातं, आणि ते मिनिट कोणाच्या तरी उपयोगी पडतं.

प्रश्न : आमचे एक सहकारी लाइव्हच्या आधी धडधड कमी करणारी गोळी घेतात. मीही घ्यावी का?
— वार्ताहर, लातूर

त्यांची गोळी तुम्ही घेऊ नका. प्रोप्रॅनोलॉल हे औषध हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करतं हे खरं, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं. दमा असलेल्याला ते धोक्याचं आहे. नाडी मंद असेल, रक्तदाब कमी असेल, मधुमेहाची औषधं सुरू असतील तरीही धोका आहे. साखर उतरल्यावर जी धडधड जाणवते तीच ते झाकून टाकतं. काही जण अल्प्राझोलामसारखी झोपेच्या अंगाची गोळी घेतात. तिने भीती कमी होते, पण जीभ जड होते, आठवण मंदावते आणि सवय लागते.

लाइव्हच्या आधी पोटात कालवाकालव होणं हा आजार नाही. पण लाइव्ह टाळण्यासाठी तुम्ही बातम्या सोडायला लागलात, आदल्या रात्री झोप लागेनाशी झाली, उलट्या होऊ लागल्या आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. या भीतीवर गोळ्यांशिवायचे उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

प्रश्न : माझी बोली मालवणीच्या वळणाची आहे. ऑफिसातले हसतात. बोलण्याआधी प्रत्येक शब्द तपासते आणि म्हणूनच अडखळते.
— वार्ताहर, कुडाळ

तुमच्या हेलात काही वाईट नाही, तो राहू द्या. तुम्ही जिथून बोलता तिथली असल्याची ती खूण आहे आणि गावांची नावं तुमच्याइतकी अचूक दुसरं कोणी उच्चारणार नाही. लक्ष द्यायचं ते वेगाकडे. घाबरल्यावर वेग वाढतो आणि मग शब्दांची शेवटं गिळली जातात. ऐकणाऱ्याला समजत नाही ते त्यामुळे. एक उतारा घड्याळ लावून वाचा. मिनिटाला ११० ते १२० शब्द बसले तर ठीक. १५० च्या पुढे गेलात तर आकडा आणि नाव यांच्या आधी क्षणभर थांबायची सवय लावा. शब्द तपासायचेत ते घरी, रेकॉर्डिंग ऐकताना. उभं राहिल्यावर नाही.

प्रश्न : विसर्जन मिरवणूक, मोर्चा, विजयी सभा. मी बोलत असताना मुलं मागे हात हलवतात, ढकलतात, कधी मुद्दाम अंगाला हात लावतात. कॅमेऱ्यासमोर सगळं लक्ष पाठीकडेच असतं.
— वार्ताहर, नाशिक

पाठ भिंतीला, बंद दुकानाच्या शटरला किंवा गाडीला लावा. पायरीवर किंवा ओट्यावर दोन-तीन फूट उंच उभ्या राहिलात तर गर्दी तुमच्या मागे न राहता खाली राहते आणि चित्रही चांगलं येतं. कॅमेरामनने रुंद लेन्स लावून चार-पाच फुटांवर यावं, लांबून झूम केलं की मधल्या जागेत माणसं शिरतात. ट्रायपॉड गर्दीत नको. बॅग सांभाळणारा तिसरा माणूस तुमच्या बाजूला उभा करा. तो नसेल तर गर्दीच्या आतून लाइव्ह देणार नाही, कडेने देईन असं डेस्कला आधीच कळवा.

पीसीआरशी एक शब्द ठरवून ठेवा. तो उच्चारला की त्यांनी विनाप्रश्न स्टुडिओत परत जायचं. कोणी अंगाला हात लावला तर लाइव्ह पूर्ण करण्यात काही शौर्य नाही, तो शब्द बोला आणि थांबा. रेकॉर्डिंग जपून ठेवा, तो पुरावा आहे. पत्रकारांवरच्या हिंसेसाठी महाराष्ट्रात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या खाली होत नाही. ठाण्यात तक्रार देताना या कायद्याचा उल्लेख करा, कारण तो अनेकदा आपणहून लावला जात नाही.

प्रश्न : लाइव्हमध्ये एका मुलीच्या गावाचं आणि शाळेचं नाव बोलून गेलो. प्रकरण पॉक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचं होतं. तेव्हापासून प्रत्येक लाइव्हला हात कापतात.
— वार्ताहर, विदर्भ

आधी ती चूक आवरा. डेस्कला लेखी कळवा, ती क्लिप पुन्हा लावू नये आणि यूट्यूब, फेसबुकवरून काढावी असं सांगा. पुढचा लाइव्ह देण्याआधीच हे व्हायला हवं होतं. अजून झालं नसेल तर आज करा. वाहिनीच्या कायदेविषयक माणसाशीही बोला.

पॉक्सोच्या कलम २३ ने बालकाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या इतर प्रकरणांत १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू आहे, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं २२८-अ. नाव न घेताही ओळख पटते, हे गावात काम करणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवायचं : ‘अमुक गल्लीतल्या शिक्षकाची मुलगी’ एवढ्यात सगळं गाव घर ओळखतं. घराचा दरवाजा, ओट्यावरची सायकल, गल्लीच्या टोकाचं मंदिर, यातलं काहीही फ्रेममध्ये नको. अशा वेळी लाइव्ह पोलीस ठाण्याच्या बाहेरून किंवा न्यायालयाच्या आवारातून द्या आणि पुठ्ठ्यावर सगळ्यात वर लाल अक्षरांत लिहा : ‘गाव नाही, शाळा नाही, नातं नाही’. कॅमेरामनलाही तो पुठ्ठा दाखवा.

हात कापणं थांबेल. पुठ्ठ्यावर लाल ओळ आहे हे डोळ्यांना दिसलं की डोक्याला ती धरून ठेवावी लागत नाही, आणि डोक्याला तेवढी मोकळीक मिळाली की बोलणं सुटतं. चूक लागून राहिली आहे याचा अर्थ तुम्हाला त्या मुलीची काळजी आहे. ती काळजी असू द्या.

प्रश्न : आमचं गावपातळीवरचं छोटं यूट्यूब चॅनेल आहे. कॅमेरामन नाही, मोबाइल आणि मी. मध्येच काहीतरी बंद पडेल या भीतीने बोलण्यात लक्ष राहत नाही.
— पंढरपूर

बंद पडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत, त्या आधीच संपवा. फोन आला की लाइव्ह थांबतो किंवा आवाज जातो. म्हणून लाइव्हच्या मोबाइलमध्ये फक्त डेटाचं सिम ठेवा, त्याचा नंबर कोणाला देऊ नका आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. बोलायला दुसरा फोन. उन्हात मोबाइल तापून स्क्रीन मंद होते, अ‍ॅप बंद पडतं. जाड कव्हर काढा, सावलीत उभे राहा, तापलेला फोन चार्जिंगला लावू नका. पॉवर बँक सुरुवातीपासून लावायची असेल तर वायर ट्रायपॉडला बांधा, लोंबती वायर ओढली जाते. वारा असेल तर कॉलर माइकवर स्पंजची टोपी हवीच. आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात नेटवर्क कोलमडतं, तिथून घाटाच्या वर या किंवा कोणाच्या घरच्या ब्रॉडबँडवर गच्चीतून द्या. सुरू करण्याआधी चॅनेलवर ‘खासगी’ ठेवून दोन मिनिटांचा चाचणी लाइव्ह करा आणि तो दुसऱ्या फोनवर हेडफोन लावून ऐका. आवाज एकाच कानात येत असेल तर माइकची पिन अर्धवट बसली आहे.